पाळतीचा कायदा, त्याची मुदत आणि वॉरंटचा प्रश्न : अमेरिकेचे कलम ७०२ आणि आपण

१२ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एका दुरुस्तीवर मतदान झाले. बाजूने २१२ मते, विरोधात २१२ मते. समसमान मते पडली की तिथल्या नियमाप्रमाणे दुरुस्ती फेटाळली जाते. तशीच ती फेटाळली गेली.

दुरुस्तीची मागणी एवढीच होती : परदेशी लोकांवर पाळत ठेवताना जमा झालेल्या संदेशांच्या साठ्यात एखाद्या अमेरिकन माणसाचे नाव टाकून शोध घ्यायचा असेल, तर तपास यंत्रणेने आधी न्यायाधीशाकडून वॉरंट आणावे. एका मताने इकडचे तिकडे झाले असते तर राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने चालणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या पाळत व्यवस्थांपैकी एकीवर न्यायालयाचा पहारा बसला असता.

हा वाद अमेरिकेचा आहे, पण तो समजून घेण्याची आपल्याला दोन कारणे आहेत. एक, ज्या कायद्यावर हा वाद होतो त्याचे थेट लक्ष्य अमेरिकेबाहेरचे लोक आहेत, म्हणजे त्यात आपणही आलो. दोन, वॉरंटशिवाय झडती नाही हे तत्त्व बाबासाहेबांनी भारताच्या मूलभूत हक्कांसाठी लिहून दिले होते आणि ते आपल्या संविधानात येऊ शकले नाही. हा कायदा कुठून आला, कसा चालतो, त्यावर वाद काय आहे आणि आपल्याकडे काय परिस्थिती आहे, हे या लेखात क्रमाने पाहू.

कायद्याची पार्श्वभूमी : किंग यांच्या फोनपासून १९७८ पर्यंत

अमेरिकेत परकीय हेरगिरीवर नजर ठेवण्यासाठीचा मूळ कायदा १९७८ चा आहे. त्याला ‘फिसा’ म्हणतात. सरकारला जास्त अधिकार देण्यासाठी तो आला नव्हता. सरकारने अधिकारांचा जो गैरवापर केला होता, त्याला लगाम घालण्यासाठी तो आला.

ऑक्टोबर १९६३ मध्ये तत्कालीन ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन टॅप करायला एफबीआयला परवानगी दिली. कारण राष्ट्रीय सुरक्षेचे सांगितले गेले : किंग यांच्या निकटवर्तीयांचे कम्युनिस्टांशी संबंध आहेत, असा संशय. पुढे त्यांच्या हॉटेलच्या खोल्यांत ध्वनिमुद्रण यंत्रे बसवली गेली. नोव्हेंबर १९६४ मध्ये एफबीआयने त्यांना एक निनावी पत्र आणि ध्वनिफीत पाठवली. आत्महत्या करावी असे सुचवणारे ते पत्र होते. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचा नेता देशाच्या सुरक्षेला धोका ठरवला गेला आणि मग त्याचे खासगी आयुष्य हेच शस्त्र म्हणून त्याच्याविरुद्ध वापरले गेले.

मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील मीडिया या गावी काही कार्यकर्त्यांनी एफबीआयच्या कार्यालयात शिरून कागदपत्रे पळवली आणि वृत्तपत्रांकडे पाठवली. त्यातून चळवळी फोडण्याच्या गुप्त मोहिमेचा सुगावा लागला. १९७५ मध्ये सिनेटने फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटापासून परदेशी तारा सर्रास वाचल्या जात होत्या, हे या चौकशीत उघड झाले. एनएसए या गुप्तचर संस्थेकडे ज्यांचे संदेश टिपायचे अशा नागरिकांची यादी होती, हेही समोर आले. त्या यादीत किंग आणि मुष्टियोद्धा मुहम्मद अली होते. खुद्द फ्रँक चर्चही होते, ही माहिती मात्र पुढे कितीतरी वर्षांनी, २०१३ मध्ये, गुप्ततेतून मुक्त झालेल्या कागदांतून कळली.

या चौकशीतून १९७८ चा कायदा निघाला. देशांतर्गत कोणावर परकीय हेरगिरीच्या संशयाने पाळत ठेवायची असेल तर त्या त्या व्यक्तीसाठी एका विशेष न्यायालयाची परवानगी घ्यायची, असा नियम झाला. आज या न्यायालयात ११ न्यायाधीश असतात. त्यांची नेमणूक सरन्यायाधीश करतात. त्याचे काम बंद दाराआड चालते आणि समोरच्या पक्षाला सहसा बोलावले जात नाही, ही त्याची उणीव आहे. पण कार्यकारी सत्तेबाहेरच्या कुणाला तरी विचारावे लागेल, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

११ सप्टेंबर २००१ नंतर

न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरील हल्ल्यांनंतर अवघ्या दीड महिन्यात, २६ ऑक्टोबर २००१ रोजी, पॅट्रियट कायद्यावर सही झाली. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ असे मतदान झाले. विरोधातले एकमेव मत विस्कॉन्सिनचे रस फेनगोल्ड यांचे होते. या कायद्याच्या अनेक कलमांना मात्र मुदत घातली होती. ठरलेल्या तारखेला संसदेने पुन्हा मंजुरी दिली नाही तर ती कलमे आपोआप संपणार होती. अशा तरतुदीला तिथे ‘सनसेट’ म्हणतात. आपण तिला मुदतीचे कलम म्हणू.

त्याच काळात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संसदेला बाजूला ठेवून, न्यायालयाच्या परवानगीविना अमेरिकेतील लोकांचे परदेशांशी होणारे संभाषण टिपण्याचा गुप्त कार्यक्रम सुरू केला. डिसेंबर २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो उघड केला. या बेकायदा कामाची चौकशी होऊन ते थांबायला हवे होते. झाले उलटे. २००७ मध्ये तात्पुरता आणि १० जुलै २००८ रोजी पक्का कायदा करून त्याच धर्तीच्या पाळतीला कायदेशीर रूप देण्यात आले. त्यातले मुख्य कलम म्हणजे कलम ७०२.

कलम ७०२ कसे चालते

या कलमाखाली अमेरिकेबाहेर असलेल्या, अमेरिकन नसलेल्या व्यक्तींचे ईमेल, संदेश आणि फोन अमेरिकन कंपन्यांच्या मदतीने टिपता येतात. उद्देश ‘परकीय गुप्तवार्ता मिळवणे’ असा हवा. दहशतवाद हा त्याचा एक भाग झाला. परराष्ट्र धोरणाला उपयोगी पडेल अशी माहितीही त्यात बसते.

प्रत्येक व्यक्तीसाठी वॉरंट लागत नाही. ॲटर्नी जनरल आणि राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक वर्षातून एकदा विषयवार प्रमाणपत्रे विशेष न्यायालयापुढे ठेवतात. न्यायालय कार्यपद्धती तपासते. कोणाचा संदेश वाचायचा हे मात्र यंत्रणाच ठरवते. सरकारने स्वतः जाहीर केलेल्या आकड्यांनुसार २०१३ मध्ये या कलमाखाली सुमारे ८९ हजार लक्ष्ये होती. २०२३ मध्ये ती दोन लाख ६८ हजारांवर गेली.

अमेरिकनांना लक्ष्य करायला कलम ७०२ मध्ये मनाई आहे. पण लक्ष्य असलेला परदेशी माणूस अमेरिकेतल्या कुणाशी बोलला, तर त्या अमेरिकनाचे शब्दही साठ्यात येतात. हा साठा वर्षानुवर्षे राहतो. नंतर एफबीआयचा कर्मचारी त्यात एखाद्या अमेरिकनाचे नाव, फोन नंबर किंवा ईमेल टाकून शोध घेऊ शकतो. थेट त्या माणसाचा फोन टॅप करायला वॉरंट लागले असते, साठ्यात शोधायला लागत नाही. टीकाकार याला मागच्या दाराने केलेली झडती म्हणतात. २०२४ च्या समसमान मतांमागचा वाद नेमका हाच होता.

गैरवापराची नोंद

मे २०२३ मध्ये विशेष न्यायालयाचा एक निकाल काही भाग झाकून खुला झाला. एफबीआयने नियम मोडून केलेले दोन लाख ७८ हजारांहून अधिक शोध त्यातून समोर आले. त्यातली काही उदाहरणे अशी :

• २०२० मध्ये मिनियापोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यानंतर उसळलेल्या निदर्शनांच्या काळात अटक झालेल्या १३३ जणांची नावे या साठ्यात शोधली गेली.
• संसदेच्या निवडणुकीतील एका उमेदवाराला देणगी देणाऱ्या १९ हजारांहून अधिक लोकांची नावे एकगठ्ठा टाकण्यात आली.
• ६ जानेवारी २०२१ रोजी संसद भवनावर चाल करून गेलेल्या जमावातील संशयितांसाठीही असेच शोध झाले.

त्याच वर्षी खुल्या झालेल्या दुसऱ्या निकालात एका राज्यातील न्यायाधीशाचा उल्लेख आहे. त्यांनी एका पोलीसप्रमुखाविरुद्ध नागरी हक्कभंगाची तक्रार एफबीआयकडे केली होती. शोध मात्र तक्रारदार न्यायाधीशांच्याच नावाने घेण्यात आला.

निदर्शक डाव्या बाजूचे होते, संसद भवनावर गेलेले लोक उजव्या बाजूचे. न विचारता वापरता येणारा अधिकार हाती असला की तो सर्वांवर चालतो. म्हणूनच या प्रश्नावर पक्षाच्या भिंती मोडल्या. वॉरंटच्या दुरुस्तीच्या बाजूने १२८ रिपब्लिकन आणि ८४ डेमोक्रॅट सदस्यांनी मत दिले. विरोधात ८६ रिपब्लिकन आणि १२६ डेमोक्रॅट होते.

सरकार पक्षाची बाजू

विरोधकांचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय वाद समजत नाही. यंत्रणांचे मुख्य मुद्दे तीन आहेत.

पहिला, ही माहिती कायदेशीर मार्गाने आधीच हाती आलेली असते. हाती असलेले कागद पुन्हा वाचायला वेगळे वॉरंट कशासाठी? दुसरा, वॉरंटसाठी गुन्ह्याचे सबळ कारण दाखवावे लागते. तपासाच्या सुरुवातीला तेवढा पुरावा नसतो, आणि सायबर हल्ल्यात तर अमेरिकन कंपनी बळी असते, आरोपी नसते. २०२१ मध्ये एफबीआयने केलेल्या जास्तीत जास्त ३४ लाख शोधांपैकी निम्म्याहून अधिक शोध एकाच सायबर हल्ल्याच्या प्रयत्नाशी जोडलेले होते, हे खरे आहे. तिसरा, या कलमामुळे कट उधळले गेले आहेत. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्फोट घडवण्याचा नजीबुल्ला झाझी याचा कट पाकिस्तानातील अल कायदाच्या माणसाशी झालेल्या ईमेलमुळे पकडला गेला, हे उदाहरण नेहमी दिले जाते.

यावर सुधारणावाद्यांचे उत्तर असे : तातडीच्या प्रसंगी, बळीच्या संमतीने किंवा सायबर हल्ल्याच्या शोधासाठी वॉरंटला अपवाद ठेवा. दुरुस्तीत असे अपवाद होतेही. परदेशी लक्ष्यांवरची पाळत चालू राहू द्या, प्रश्न फक्त नागरिकाचे नाव टाकण्याचा आहे. गोपनीयता व नागरी स्वातंत्र्यावरील सरकारी देखरेख मंडळानेही सप्टेंबर २०२३ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने हेच सुचवले : कलम उपयोगी आहे, ते ठेवा, पण अमेरिकनांच्या नावाने होणाऱ्या शोधांना विशेष न्यायालयाची मंजुरी घ्या. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने याच मंडळातील तीन डेमोक्रॅट सदस्यांना पदावरून दूर केले. पाळतीवर देखरेख ठेवणारी संस्थाच किती सहज लुळी करता येते, हे त्यातून दिसले.

न्यायालयातही हा प्रश्न गेला आहे. न्यूयॉर्कमधील एका केंद्रीय जिल्हा न्यायालयाचा जानेवारी २०२५ मध्ये खुला झालेला निकाल सांगतो की वॉरंटशिवाय केलेले असे शोध चौथ्या घटनादुरुस्तीचा भंग करणारे होते. ही चौथी दुरुस्ती म्हणजे अवाजवी झडतीपासून नागरिकाला संरक्षण देणारा अमेरिकन संविधानातील भाग.

मुदतवाढीचा इतिहास

• जुलै २००८ : कलम ७०२ मंजूर. मुदत २०१२ अखेर.
• डिसेंबर २०१२ : पाच वर्षांची मुदतवाढ.
• जानेवारी २०१८ : २०२३ अखेरपर्यंत मुदतवाढ.
• डिसेंबर २०२३ : एकमत न झाल्याने १९ एप्रिल २०२४ पर्यंत तात्पुरती मुदतवाढ, तीही संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडून.
• एप्रिल २०२४ : पाच वर्षांऐवजी दोनच वर्षांची, म्हणजे एप्रिल २०२६ पर्यंतची मुदतवाढ. प्रतिनिधिगृहात २७३ विरुद्ध १४७, सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३४.

प्रत्येक वेळी नाट्य तेच असते. तारीख जवळ येते, ‘मुदत संपली तर देश आंधळा होईल’ असे सांगितले जाते, आणि शेवटच्या रात्री मतदान होते. २०२४ मध्ये सिनेटचे मतदान मध्यरात्र उलटल्यावर झाले. मुदतवाढीसोबत अधिकार वाढवूनही घेतले गेले. कोणत्या कंपन्यांना मदतीसाठी सक्ती करता येईल याची व्याख्या रुंदावली. सिनेटर रॉन वायडन यांनी त्यावर कडाडून टीका केली. दुसऱ्या बाजूला एफबीआयच्या शोधांना वरिष्ठ किंवा वकिलाची पूर्वमंजुरी, केवळ सामान्य गुन्ह्याचा पुरावा शोधण्यासाठीच्या शोधांवर बंदी, अशा सुधारणाही झाल्या.

मग मुदतीच्या कलमाचा उपयोग काय, असा प्रश्न कुणी विचारेल. उपयोग आकड्यांत दिसतो. अमेरिकनांच्या नावाने एफबीआयने केलेल्या शोधांची संख्या २०२३ मध्ये सुमारे ५७ हजार होती, २०२४ मध्ये ती साडेपाच हजारांवर आली. मोजण्याची पद्धत मधल्या काळात बदलली हे लक्षात घेतले तरी घट मोठी आहे. हे आकडे जाहीर होतात, न्यायालयाचे निकाल खुले होतात, कारण यंत्रणेला काही वर्षांनी पुन्हा संसदेच्या दारात उभे राहायचे असते.

एक कलम तर मुदतीमुळेच संपले. पॅट्रियट कायद्यातील कलम २१५ खाली कोट्यवधी अमेरिकनांच्या फोनच्या नोंदी सरकार घाऊक गोळा करत होते. एडवर्ड स्नोडेन यांनी जून २०१३ मध्ये ते उघड केले. १ जून २०१५ ला मुदत संपत असल्याने संसदेला टाळाटाळ करता आली नाही. दुसऱ्या दिवशी घाऊक संकलन बंद करणारा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये त्या कलमाची मुदत संपली आणि ते पुन्हा वाढवले गेले नाही.

या वादात आपण कुठे?

अमेरिकेतील सगळी चर्चा अमेरिकनांच्या हक्कांची असते. कलमाचे खरे लक्ष्य असलेल्या परदेशी माणसाचा हक्क त्या चर्चेत जवळपास येतच नाही. देशाबाहेरील परकीय माणसाच्या मालमत्तेच्या झडतीला चौथ्या दुरुस्तीचे संरक्षण नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले आहे.

पुण्यात किंवा नागपुरात बसून आपण जीमेल वापरतो, तेव्हा ती सेवा अमेरिकन कंपनीची असते. स्नोडेन यांनी बाहेर काढलेल्या कागदांनुसार मार्च २०१३ या एका महिन्यात एनएसएच्या विविध कार्यक्रमांतून भारताशी संबंधित ६.३ अब्ज माहितीतुकडे गोळा झाले होते. देशांच्या यादीत भारत पाचवा होता. २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने कलम ७०२ खालील २०१० चे एक प्रमाणपत्र प्रसिद्ध केले. ज्यांच्यावर पाळत ठेवता येईल अशा परदेशी राजकीय पक्षांत भारतीय जनता पक्षाचे नाव होते. भारत सरकारने तेव्हा निषेध नोंदवला.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी फरक असा : ग्रीन कार्डधारक कायद्याने ‘अमेरिकन व्यक्ती’ ठरतो. एच-वन-बी व्हिसावर काम करणारा ठरत नाही. तो अमेरिकेत असेपर्यंत कलम ७०२ खाली लक्ष्य होऊ शकत नाही, पण सुट्टीत गावी आला की होऊ शकतो. शिवाय २०२४ च्या कायद्याने अमेरिकेत येऊ इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तींची छाननी करताना या साठ्यात शोध घ्यायला मुभा दिली आहे. शिक्षणासाठी व्हिसा मागणारे आपले विद्यार्थी त्यात येतात.

परदेशी माणूस काहीच करू शकत नाही असे मात्र नाही. मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियातील कायद्याच्या विद्यार्थ्याने स्नोडेन प्रकरणानंतर फेसबुकविरुद्ध तक्रार केली. तिच्यातून युरोपीय न्यायालयाने २०१५ आणि २०२० मध्ये अमेरिकेला माहिती पाठवण्याचे दोन करार रद्द ठरवले. परिणामी २०२२ मध्ये अमेरिकेला युरोपीय नागरिकांसाठी दाद मागण्याची यंत्रणा उभारावी लागली.

बाबासाहेबांचा मसुदा आणि भारताचा कायदा

१९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांची यादी दिली. लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती वा जप्ती होणार नाही. सबळ कारण आणि शपथेवरील निवेदन असल्याशिवाय वॉरंट निघणार नाही. वॉरंटमध्ये जागा, व्यक्ती आणि वस्तू यांचे नेमके वर्णन असेल, असा हक्क त्यात आहे. अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीचेच हे तत्त्व.

संविधान सभेत ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. या तरतुदी फौजदारी कायद्यात आहेतच, पण व्यक्तिस्वातंत्र्यासाठी त्या विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट, असा त्यांचा आशय होता. निर्णय पुढे ढकलला गेला आणि ६ डिसेंबरला सभेने दुरुस्ती नामंजूर केली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. पी. शर्मा खटल्यात म्हटले की आपल्या संविधानात अमेरिकेसारखी तरतूदच नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला.

निकाल आला, पण कायद्यांची रचना बदलली नाही. फोन टॅपिंगचा अधिकार १८८५ च्या तार कायद्यातून आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर महिन्याभरात, जवळपास चर्चेविना, माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन संगणकीय माहितीपर्यंत तो रुंदावला. डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित होते. टॅपिंगचा आदेश केंद्र वा राज्याचे गृहसचिव देतात. आदेश तपासणारी समिती केंद्रात कॅबिनेट सचिवांच्या आणि राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते. आदेश देणारे सरकारी अधिकारी, तपासणारेही सरकारी अधिकारी. न्यायाधीश कुठेच नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये नोंदवले की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या या समितीपुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात. एवढे आदेश एका बैठकीत तपासून होणार कसे?

न्यायालयात जाता आले तर फरक पडतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार खटल्यात लाचप्रकरणातील टॅपिंगचे आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षेचे कारण तिथे नव्हते. पण आपला फोन टॅप झाला हे कळले तरच माणूस न्यायालयात जाणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतातील काही वापरकर्त्यांना पेगासस हेरसॉफ्टवेअरच्या हल्ल्याची सूचना दिली. त्यांत भीमा कोरेगाव खटल्याशी संबंधित वकील आणि कार्यकर्ते होते. त्यांना ही गोष्ट कंपनीकडून कळली, सरकारकडून नव्हे.

आपल्याकडेही मुदत होती

मुदतीचे कलम ही परदेशी कल्पना आहे असे कुणी म्हणू नये. १९८५ चा टाडा कायदा दोन वर्षांसाठीच होता. १९८७ मध्ये तो नव्याने केला गेला आणि १९८९, १९९१, १९९३ अशी मुदत वाढत गेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी सर्व खासदारांना पत्र लिहून मुदतवाढ देऊ नका असे आवाहन केले. दलित, मुस्लिम, शीख संघटना आणि नागरी हक्क कार्यकर्ते आवाज उठवतच होते. मे १९९५ मध्ये टाडा संपला. तो रद्द करायला बहुमत जमवावे लागले नाही, कारण तो चालू ठेवायला बहुमत लागत होते.

२००२ च्या पोटालाही तीन वर्षांची मुदत होती. २००४ मध्ये तो रद्द झाला, पण त्यातल्या बऱ्याच तरतुदी २००४ आणि २००८ मध्ये यूएपीएत आल्या आणि येताना मुदत गळून पडली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात संभाषण टिपण्याची तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली होती, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवली. तिलाही मुदत नाही.

म्हणून अमेरिकेत दर काही वर्षांनी होणारा वाद आपल्याकडे होत नाही. आपल्या यंत्रणा जास्त सभ्य आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांना परत येऊन हिशोब द्यायला लावणारी तारीखच आपल्या कायद्यांत नाही.

कोणतेही सुरक्षा विधेयक आले की विचारायचे प्रश्न

यापुढे विधानसभेत वा संसदेत असे विधेयक आले आणि हरकती-सूचना मागवल्या गेल्या, तर खालील प्रश्न लेखी विचारता येतील :

१. पाळतीची परवानगी कोण देणार? आदेश मागणाऱ्या खात्याबाहेरचा न्यायाधीश त्यात आहे का?
२. आदेशात व्यक्ती, कारण आणि कालावधी नेमके लिहावे लागणार का?
३. या कायद्याला मुदत आहे का? नसेल तर का नाही?
४. वर्षाला किती आदेश निघाले, किती नाकारले गेले, हे आकडे सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे का?
५. तपास संपल्यावर, ज्याच्यावर पाळत होती त्याला कळवले जाणार का, आणि दाद कुठे मागायची?
६. गोळा झालेली माहिती कधी नष्ट होणार आणि दुसऱ्या कामासाठी वापरता येणार का?

आपला आमदार वा खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला हे सहा प्रश्न टपालाने पाठवायला परवानगी लागत नाही. टाडाच्या वेळी खासदारांना लिहिलेल्या पत्राचा उपयोग झाला होता.